दोन थापा आणि रैट

सिटी बसच्या पत्र्यावर मी एकदा दोन थापा मारल्या, आणि त्या थापांपायी एक ड्रायव्हर माझ्या डोळ्यांदेखत मरायला टेकला. ते सांगायचं आहे. घरातले म्हणतात, झालं गेलं, कशाला लिहितेस? झालं खरं, पण गेलं कुठे? कोर्टात अजून माझी तारीख पडते.

मी या बेंगळूरच्या सिटी बसमध्ये कंडक्टर होते. बायका खाकी घालून गाडीवर चढायला लागल्या, त्या पहिल्या काहींमधली. आमचं घराणं इथलंच, किती पिढ्यांचं ते आमच्यात कुणी मोजत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. त्यामुळे माझ्या बोलण्यात ‘जरा’च्या जागी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’च्या जागी ‘सरी’ येणार, पुण्या-मुंबईच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.

कंडक्टरची खूण साधी असते. पत्र्यावर दोन थापा आणि ‘रैट’ म्हणजे गाडी सोड. एक थाप आणि ‘होल्डान’ म्हणजे थांब. शिट्टीही देतात, पण मला ती कधी आवडली नाही, तोंडाला लोखंडाची चव येते. मी हातानेच भागवलं. उजव्या तळव्याला घट्टा पडलेला अजून आहे. दोन थापा मारण्याआधी मागच्या चाकाकडे बघायचं, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि मी बघत होते असं मी सगळ्यांना सांगत आले.

हात चालायची नोकरी होती ती. थांबा नसताना गाडी थांबवली नाही म्हणून एकाने माझ्या कानाखाली वाजवली होती. मी तिकिटांची पत्र्याची पेटी त्याच्या भुवईवर हाणली, टाके पडले त्याला. एका बंदच्या दिवशी दगड आला तो काच फोडून माझ्या मांडीवर. दोन दिवस केसांतून काचा विंचरत होते. त्यामुळे मारामारी बघून मी हबकणारी बाई नाही, हे आधी सांगून ठेवते. पुढे मी जे केलं, किंवा केलं नाही, त्याला घाबरटपणाचं कारण मला देता येणार नाही.

आता विजेच्या गाड्या आल्यात. मला त्या फार आवडल्या, खोटं कशाला बोलू? पायरी इतकी खाली की माझे गुडघे खूश. धूर नाही, खडखडाट नाही, शेजारणीशी बोलताना ओरडायला लागत नाही. जुनी डिझेल गाडी सुरू झाली की बसलेल्या माणसाचे दात वाजायचे. ही कधी सुरू झाली ते आत बसलेल्यालाही कळत नाही.

आणखी एक गोष्ट बदलली. या गाड्यांवर ड्रायव्हर ठेकेदाराचा आणि कंडक्टर सरकारची, एका गाडीत दोन घरची माणसं. आमच्या वेळी जोडी असायची. माझ्या ड्रायव्हरला माझी थाप ओळखता यायची. एकदा एका टारगट पोराने मागून दोन थापा मारल्या तर तो गाडी न हलवता ओरडला, “ही आमच्या अक्कांची नाही, कोण आहे रे तो?” आता आज हा ड्रायव्हर, उद्या तो. कंडक्टरचा हात कसा वाजतो हे त्याला कुठून कळणार?

तर तो दिवस. थंडीचे दिवस होते, अवरेकायचा मोसम. आपण पावट्याच्या शेंगा म्हणतो त्या, इथले लोक त्यांच्या वासासाठी वेडे होतात. सकाळचे दहा-साडेदहा. मी हेब्बाळहून व्हाइटफील्डला लेकीकडे निघाले होते. वाटेतल्या एका पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर टायमिंग बघणारा साहेब खुर्ची टाकून बसतो, तिथे कंडक्टर उतरून कागदावर सही घेऊन येते. आमची कंडक्टर, असेल तिशीची, ती उतरली. मी मधल्या दाराच्या मागच्या खिडकीत बसले होते, काच सरकवून. माझ्या बाजूलाच खाली, बसच्या सावलीत, एक बाई पोतं पसरून शेंगा विकत होती. माझ्याहून थोडी लहान. मी वरूनच विचारलं, “वास आहे का गं शेंगांना?” ती म्हणाली, “खाली उतरून नाक लावा, अज्जी, वरून काय विचारता?” मी हसले.

कंडक्टरला वेळ लागला. (बोलणं सगळं कन्नडात झालं, मी मराठीत सांगते.) मागून एक गळ्यात ओळखपत्र लटकवलेला म्हणाला, “गाडी चार्जिंगला लावली आहे का?” दुसरा म्हणाला, “गाडी फुल आहे, ड्रायव्हरलाच लावा चार्जिंगला.” सगळे हसले. ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, “कंडक्टर मॅडम आल्या का बघा, निघतो लगेच.” पोरगेलासाच, राज्याच्या उत्तरेकडच्या जिल्ह्यातला, बोलण्याच्या हेलावरून कळत होतं.

मी पुढे मान वळवली तर पुढच्या दारातून एक खाकी बाही चढताना दिसली. तेवढीच, बाही. मधे माणसं उभी होती. मला वाटलं, आली बाई. आणि माझा हात खिडकीबाहेर गेला. मी ठरवलं वगैरे काही नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण गाडी उभी, माणसं कुरकुरतायत, खाकी चढली, की हात जातोच. दोन थापा. “रैट, रैट!”

ती खाकी बाही एका रिक्षावाल्याची होती. त्याची रिक्षा बिघडली म्हणून बसने निघालेला. या गावात खाकी कोण कोण घालतं ते मला माहीत नव्हतं असं नाही.

दारं फुस्स करून मिटली आणि गाडी निघाली. डिझेल गाडी असती तर आधी इंजिन गुरगुरलं असतं, पत्रा थरथरला असता, गिअर खरखरला असता, आणि सावलीत बसलेली माणसं शिव्या देत उठली असती. हे मला त्या क्षणी नाही सुचलं, नंतर सुचलं, आणि त्याबरोबर दुसरंही कळलं: मागच्या चाकाकडे मी बघायचे ते नावापुरतं. माणसांना उठवायचं काम इंजिन करत होतं. इतकी वर्षं मी माझी वाखाणणी करून घेतली.

त्या बाईचं पोतं कलंडून शेंगा बसखाली गेल्या होत्या. ती पालथी होऊन हात आत घालून त्या ओढत होती, मागच्या चाकाच्या पुढ्यातून.

ओरडणं ऐकून मी खिडकीतून वाकले. तिचा हात कोपरापर्यंत चाकाखाली होता. मी जीव खाऊन एक थाप मारली, “होल्डान!” ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला. गाडी थांबली, ती तिच्या हातावरच थांबली. मी गप्प राहिले असते तर चाक निदान पुढे निघून गेलं असतं. सोडायचा हुकूम माझा, थांबवायचा पण माझाच.

ड्रायव्हर पुढचं दार उघडून उतरला आणि मागे धावत आला. पळून गेला असता तर सुटला असता, रस्ता मोकळा होता. तो चाकापाशी गुडघ्यावर बसला, तिच्या हाताकडे बघितलं आणि उठून परत केबिनकडे जायला वळला, गाडी मागे घ्यायला. लोकांना वाटलं पळतोय.

पहिला फटका हेल्मेटचा होता. मोटारसायकलवरचा एक जण, खांद्याला खाण्याच्या डब्यांची मोठी पिशवी, त्याने हेल्मेट हातात धरून सरळ कानावर मारलं. तो आवाज मला अजून येतो, नारळ फोडल्यासारखा. मग कोणी त्याची कॉलर धरली, कोणी केस. “होडी, होडी!” म्हणजे मार, मार. एकाने त्याचं डोकं धरून बसच्या पत्र्यावर आपटलं, माझ्या खिडकीच्या जरा पुढे. पत्रा वाजला. दुसऱ्यांदा वाजला. हिरव्या रंगावर रक्ताचा ओघळ आला. तो काहीतरी सांगत होता, “गाडी… गाडी मागे…” पण तोंडात रक्त होतं आणि ऐकायचं कुणाला होतं? पोटात लाथ बसली तशी तो दुमडला आणि खाली गेला. आता मला तो दिसेना, फक्त पाय दिसत होते, मारणाऱ्यांचे. एक जण चप्पल काढून मारत होता आणि प्रत्येक फटक्याला मोजल्यासारखं म्हणत होता, “ठेकेदाराचा कुत्रा! ठेकेदाराचा कुत्रा!”

समोरची काच दगडाने फुटली. कोणीतरी ओरडलं, “पेटवा गाडी!” लगेच दुसरा, “अरे, खाली बॅटऱ्या आहेत, सगळा रस्ता उडेल!” तेवढ्यावर गाडी वाचली. गाडीच्या जिवाची काळजी करणारा एक तरी निघाला.

आणि मी काय केलं? मी बसून राहिले. गाडीतली माणसं पुढच्या दारातून पटापट उतरत होती. तो ओळखपत्रवाला माझ्यापाशी थांबला. हळू म्हणाला, “अज्जी, रैट तुम्हीच दिलीत ना?” मी त्याच्याकडे बघितलं आणि पिशवीचे बंद आवळले. तो उतरून गेला. लेकीसाठी केलेले लाडू होते त्या पिशवीत. ते फुटू नयेत असं काहीतरी माझ्या मनात चाललं होतं, खरं सांगते.

खालून ती बाई आता ओरडतही नव्हती, नुसती कण्हत होती.

मागे एक डिझेल बस येऊन थांबली होती. तिचा ड्रायव्हर, पिकल्या मिशांचा, धावत आला. तो ओरडला, “आधी गाडी काढा रे हिच्यावरून!” दहा-बाराजणांनी खांदे लावून ढकलून बघितलं, गाडी तसूभर हलली नाही. केवढं वजन त्या बॅटऱ्यांचं. मग तो पिकल्या मिशांचा चढून केबिनमध्ये बसला. मला आतून सगळं दिसत होतं. त्याचा हात गिअरचा दांडा शोधत होता. दांडा नाही, बटणं. कुठलंसं लाल दिव्याचं काही चमकत होतं. त्याने हात वर घेतले, जसं विस्तवाजवळून घेतात. “मला नाही कळत,” तो म्हणाला. “चुकून पुढे गेली तर हात तोडूनच जाईल. ज्याची गाडी त्यालाच बोलवा.”

ज्याची गाडी तो खाली लाथा खात होता.

तेव्हा मी उठले. मला यात शाबासकी नको. मी उठले कारण आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

खाली उतरून मी त्या घोळक्यात घुसले. गर्दीतून वाट काढायची सवय आहे, कोपरं चालतात माझी. ड्रायव्हर कुशीवर पडला होता, डावा डोळा सुजून बंद, कानातून रक्त. एकाने हातात फरशीचा तुकडा घेतला होता, वर उचललेला. मी त्याच्या आणि ड्रायव्हरच्या मधे उभी राहिले आणि माझ्या गाडीवरच्या आवाजात ओरडले, “रैट मी दिली! थाप माझी होती! हा नाही, मी!”

“बाजूला हो, अज्जी.”

“अरे, मी कंडक्टर होते, मला वाटलं कंडक्टर चढली. याने माझ्या थापेवर गाडी सोडली. मारायचं तर मला मारा. पण गाडी मागे घ्यायला हाच पाहिजे, दुसऱ्याला येत नाही. याला मारलंत तर तिचा हात कोण काढणार? तुम्ही?”

तो फरशीवाला माझ्याकडे बघत राहिला. फरशी त्याने टाकली, पण रिकामा झालेला हात तसाच माझ्या तोंडावर आला. चष्मा उडाला. मग कोणीतरी मागून माझा अंबाडा धरून खेचलं आणि एक बाई, हो बाईच, माझ्या पाठीत बुक्की घालून म्हणाली, “घरी बसवत नाही का या वयात?” मी पडले नाही. हातभर अंतरावर तो पिकल्या मिशांचा ड्रायव्हर दोन्ही हात पसरून उभा होता, “बिडी, बिडी, आधी गाडी, आधी गाडी.” बिडी म्हणजे सोडा.

त्या जखमी माणसाला दोघांनी उचलून केबिनमध्ये बसवलं. ज्यांनी मारलं होतं त्यांच्यातलेच दोघे. एकाने त्याच्या डोळ्यावरचं रक्त आपल्या बाहीने पुसलं, दिसावं म्हणून. माणसांचं मला अजूनही कळत नाही.

गाडी मागे घेताना चाकापाशी कुणीतरी उभं राहून सांगावं लागतं. कंडक्टर आली होती, पण ती रस्त्यातच बसून रडत होती. मी म्हटलं, “तम्मा, मी सांगते.” तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. तो एका डोळ्याने माझ्याकडे बघून म्हणाला, “तू नको. तुझ्या सांगण्यावर मी आता गाडी हलवणार नाही.”

बरोबरच होतं त्याचं.

पिकल्या मिशांचा चाकापाशी बसला आणि तो सांगू लागला, “बरली, बरली, स्वल्प… स्वल्प…” म्हणजे येऊ दे, जरा, जरा. मी त्या बाईचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी आवाज न करता मागे आली. हात मोकळा झाला तेव्हा ती माझ्या दंडाला चावली, इतकी की मांस तुटलं. मी चावू दिलं. हाताचं काय झालं होतं ते मी लिहीत नाही. कोपराखाली राहिला नाही, एवढंच.

तिला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता, त्याला दुसरी यायची होती. ती येईपर्यंत मघाची गर्दी पांगली. हेल्मेटवाला कधीच गेला होता, कुणाचं तरी जेवण गार होत असेल.

पोलीस स्टेशनात मी जबानी द्यायला गेले तर तिथला साहेब म्हणाला, “अज्जी, घरी जा. स्टिअरिंग ज्याच्या हातात, गुन्हा त्याचा. तुम्हाला कशाला यात घालू?” मी म्हटलं, “साहेब, मी गाडीवरची आहे. थापेशिवाय ड्रायव्हर गाडी सोडत नाही, थाप खोटी असेल तर त्याचा काय दोष?” तो म्हणाला, “तुम्ही ड्युटीवर नव्हता, मग तुमच्या थापेवर त्याने सोडायलाच नको होती.” पण मी उठले नाही, रोज जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्याने कंटाळून लिहून घेतलं.

घरी मुलगा संतापला. इतका की पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला. “तुला आरोपी करतील, आई! म्हण की आठवत नाही. तुझ्या वयाला कोणीही मानेल.” सून मधे पडली, “अहो, हळू.” तो म्हणाला, “कशाला हळू? त्या ड्रायव्हरसाठी स्वतःच्या आईला कोर्टात उभी करू?”

ठेकेदाराने ड्रायव्हरला काढून टाकलं होतं आणि त्याचं लायसन्स पोलिसांत जमा होतं. डाव्या कानाने त्याला ऐकू येईना झालं. तो एकदा घरी आला, बायकोला घेऊन. बसला नाही, दारातच उभा. म्हणाला, “अज्जी, कोर्टात काय सांगणार?”

“केलं ते.”

“नक्की? मला दुसरं काही येत नाही हो. लायसन्स गेलं तर मी गेलो.”

सुनेने पुढे केलेला चहाचा कप त्याच्या बायकोने हाताने उडवला. कप फुटला, चहा माझ्या पायावर पडला. तो तिला ओढत घेऊन गेला. मुलगा मागून म्हणाला, “बघ, यांच्यासाठी करतेस.” मी फडकं घेऊन पुसायला बसले.

कोर्टात ड्रायव्हरच्या वकिलाने विचारलं, “थाप कुणी मारली?”

“मी.”

“मागच्या चाकाकडे बघितलं होतं?”

“नाही.”

“आधी, नोकरीत असताना, कधी बघत होतात?”

कोर्टाच्या खोलीत पंखा फिरत होता. मुलगा मागच्या बाकावर मान खाली घालून. मी म्हटलं, “बघितल्यासारखं करत होते.” वकिलाला बहुतेक हे नको होतं, त्याने पुढचा कागद घेतला.

ती शेंगावाली साक्षीला आली होती, पदर उजव्या खांद्यावरून गच्च लपेटून. गर्दीत मी ओरडले तेव्हा तिला भान नव्हतं. ती थाप माझी होती हे तिने तिथेच पहिल्यांदा ऐकलं. व्हरांड्यात आम्ही समोरासमोर आलो. मी हात जोडायला गेले. तिने डाव्या हातातला स्टीलचा डबा माझ्या तोंडावर हाणला. एकदा, मग परत. डाव्या हाताने नवीनच मारायला शिकलेली, नेम धड नव्हता, दुसरा फटका गळ्यावर बसला. शिपाई धावले. ड्रायव्हर चार पावलांवर उभा होता. तो मधे आला नाही. मुलगा आला, मी त्याला दंडाला धरून थांबवलं.

ती दमली, मग भिंतीला टेकून खाली बसली आणि डबा मांडीवर ठेवून त्याचं झाकण पुन्हा पुन्हा लावायला लागली. चेपल्यामुळे ते बसेना. एका हाताने तर बसतच नव्हतं. मी शेजारी बसून लावून द्यायला हात पुढे केला, तर तिने डबा दूर सरकवला.

ड्रायव्हर खटल्यातून सुटला, लायसन्स मिळालं. आता तो दुसऱ्या ठेकेदाराकडे सर्जापूर रोडला विजेचीच गाडी चालवतो, असं कानावर आलं. माझ्या जबानीवरून माझ्यावर वेगळा खटला झाला, तो चालू आहे. पुढचा एक दात त्या व्हरांड्यात पडला तो मी शोधला नाही, आणि मुलगा बसवून घे म्हणतो, पण मी अजून गेलेले नाही.